डेथ रिसेप्टरला सिग्नल मिळाला, तरी पेशी मरत का नाही?

लातूरकर_एमएस्सी

नमस्कार. मी एमएस्सी बायोटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझर्टेशनसाठी घरापासून लांब एका लॅबमध्ये काम करतेय आणि तीन आठवडे एकाच जागी अडकले आहे.

हेला पेशी (माणसाच्या कॅन्सरच्या, लॅबमध्ये वाढवलेल्या), ९६ वेलची म्हणजे खळग्यांची प्लेट, दर वेलमध्ये १०,००० पेशी. त्यावर टीएनएफ-अल्फा (पेशीला मरणाचा सिग्नल देणारं प्रथिन) १ पासून ५० नॅनोग्रॅम प्रति मिलीपर्यंत चढत्या क्रमाने, २४ तास, मग एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते मोजणारी चाचणी). तिन्ही वेळा आलेख अगदी सपाट. ५० नॅनोग्रॅमलाही ९६ टक्के पेशी जिवंत. गाईड म्हणतात टीएनएफ खराब झालाय, नवीन मागवावा लागेल. पण तो महाग आहे आणि बजेट संपत आलंय.

माझ्या वहीत बीएस्सीपासून एकच आकृती आहे. वर पेशीचं आवरण, त्यात रिसेप्टर (बाहेरचा सिग्नल घेणारं प्रथिन), आतल्या बाजूला डेथ डोमेन, त्याला फॅड हे जोडणारं प्रथिन, फॅडला कॅस्पेज-८ (प्रथिनं कापणारं एन्झाइम), त्याखाली कॅस्पेज-३, आणि शेवटी बाण: मृत्यू. टीएनएफ-आर१ (टीएनएफचा रिसेप्टर) आणि फॅस या दोन्ही रिसेप्टरना हीच आकृती लावली होती. आमच्याच इन्क्युबेटरमध्ये एका सिनियर ताईंच्या जुरकॅट (माणसाच्या रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी आहेत. त्यांनी फॅसची अँटिबॉडी घातली की संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त पेशी मेलेल्या असतात. एकाच कुळातले दोन रिसेप्टर, दोघांनाही डेथ डोमेन, मग एक मारतो आणि दुसरा मारत नाही, असं का? खरंच टीएनएफ खराब असेल का? आणि तो खराब नसेल, तर मारत नाही त्याला डेथ रिसेप्टर का म्हणायचं?

कृपया कोणीतरी नीट समजावून सांगा. व्हायवा पुढच्या महिन्यात आहे.

बेंचवरचा_माणूस

टीएनएफ खराब आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका, तपासा. उंदराच्या एल९२९ पेशी कुणाकडून तरी मिळवा आणि ॲक्टिनोमायसिन-डी (जीनवरून नवीन काही बनू न देणारं रसायन) सोबत तुमचा टीएनएफ त्यांच्यावर घाला. टीएनएफची ताकद मोजायची ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. त्या पटापट मेल्या तर टीएनएफ उत्तम आहे. अजून एक, पातळ करताना बफरमध्ये ०.१ टक्का बीएसए (गायीच्या रक्तातलं प्रथिन) घालताय ना? नुसत्या बफरमध्ये इतकं थोडं प्रथिन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं. आणि एकच नळी पुन्हा पुन्हा वितळवून गोठवू नका.

कल्चररूममधली_ताई

लातूरकर, तुझा टीएनएफ बहुतेक उत्तम आहे. प्रयोगही बरोबर झालाय. चुकीची आहे ती वहीतली आकृती, आणि ती तुझ्या एकटीच्या वहीत नाही. मी सतरा वर्षं पेशी वाढवतेय. पहिल्या वर्षी मीही असाच सपाट आलेख बघून टीएनएफची अख्खी व्हायल फेकून दिली होती. त्याची हळहळ अजून आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी फॅसबद्दल. आपल्याकडे बरेच जण ‘फास’ म्हणतात आणि मग मनात गळफासच येतो. त्या नावाचा फासाशी काही संबंध नाही. १९८९ मध्ये जपानमध्ये शिन योनेहारा यांनी एफएस-७ नावाच्या मानवी पेशी उंदरांना टोचून अँटिबॉडी बनवल्या. त्यातली एक अशी निघाली की ती घातली की पेशी मरायच्या. एफएस-७ वरून फॅस, एवढंच. त्याच वर्षी हायडेलबर्गला पीटर क्रामर यांच्या गटाला स्वतंत्रपणे अशीच अँटिबॉडी मिळाली, त्यांनी रिसेप्टरला एपीओ-१ म्हटलं. दोघांच्या हाती एकच रेणू लागला होता. १९९१ मध्ये शिगेकाझु नागाता यांच्या गटाने त्याचा जीन काढला. तेव्हा कळलं की आतल्या बाजूला साधारण ८० अमिनो आम्लांचा एक तुकडा टीएनएफच्या रिसेप्टरशी जुळतो. तोच डेथ डोमेन.

आता नीट लक्ष दे. डेथ डोमेन स्वतः काहीही कापत नाही, काहीही जाळत नाही. त्यात एन्झाइम नाही. तो फक्त पकड देतो, त्याला कोण येऊन चिकटतं त्यावर पुढचं सगळं. कडी वाजवणारा एकच असतो; दार उघडायचं, आतून अडसर लावायचा की मागच्या दाराने पळायचं, हे त्या वेळी घरात कोण आहे त्यावर ठरतं.

फॅसच्या डेथ डोमेनला थेट फॅड चिकटतं आणि फॅड कॅस्पेज-८ ला ओढून आणतं. कॅस्पेज-८ चे दोन रेणू शेजारी आले की जागे होतात आणि एकमेकांना कापतात. म्हणून जुरकॅट मरतात.

टीएनएफ-आर१ चं तसं नाही. त्याला आधी ट्रॅड आणि आरआयपीके१ ही प्रथिनं चिकटतात, मग ट्रॅफ२, आणि त्याच्यासोबत सीआयएपी नावाची प्रथिनं. ही मंडळी आरआयपीके१ वर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाच्या साखळ्या चढवतात. युबिक्विटिन म्हटलं की आपल्याला कचऱ्याची गाडी आठवते (त्याची खूण लागलेलं प्रथिन सहसा नष्ट केलं जातं), पण या साखळ्या वेगळ्या जोडणीच्या असतात आणि त्या मचाणासारख्या उभ्या राहतात. त्या मचाणावर आयकेके नावाचं एन्झाइम येतं आणि आयकॅपाबी या प्रथिनाला खूण करतं. आयकॅपाबी नष्ट होतं, आणि त्याने धरून ठेवलेलं एनएफ-कॅपाबी (जीन चालू करणारं प्रथिन) सुटून केंद्रकात शिरतं. हे सगळं पंधरा-वीस मिनिटांत होतं. केंद्रकात जाऊन ते कशाची ऑर्डर देतं? सी-फ्लिप, ए-२०, सीआयएपी-२: म्हणजे पेशीला वाचवणारीच माणसं.

२००३ मध्ये लोझानच्या ऑलिव्हिए मिशो आणि युर्ग चॉप यांनी दाखवलं की टीएनएफ-आर१ ची मंडळी दोन टप्प्यांत जमते. पहिला संच पेशीच्या आवरणाशी, जगण्याची सोय करणारा. दुसरा संच थोड्या वेळाने आत, पेशीद्रवात बसतो, आणि त्यात रिसेप्टर स्वतः नसतोच! फॅड आणि कॅस्पेज-८ असतात ते या दुसऱ्या संचात. पण तोपर्यंत सी-फ्लिप तयार झालेलं असतं. सी-फ्लिप दिसायला कॅस्पेज-८ सारखंच, फक्त कापायची धार नसलेलं. ते कॅस्पेजच्या शेजारची जागा अडवून बसतं आणि मारेकरी जोडी जमत नाही. तुझ्या हेला पेशींना टीएनएफ पोचला होता, त्यांनी तो ऐकला होता, आणि पहिल्या तासाभरातच स्वतःच्या बचावाची तयारी करून टाकली होती. तुझ्या सपाट आलेखात हेच लिहिलंय. एमटीटीला ते दिसत नाही, कारण एमटीटी फक्त पेशीचा चयापचय चालू आहे का एवढंच विचारतो.

आता हे सिद्ध कसं करायचं? बचावाची प्रथिनं नव्याने बनू देऊ नकोस. सायक्लोहेक्झिमाइड हे प्रथिन बनणं थांबवतं आणि सी-फ्लिप फार अल्पायुषी आहे, नवीन बनलं नाही की काही तासांत संपतं. चार वेल ठेव: नुसतं माध्यम, नुसता टीएनएफ, नुसतं सायक्लोहेक्झिमाइड, दोन्ही मिळून. पाचव्यात दोन्हीसोबत झी-व्हॅड, म्हणजे कॅस्पेज अडवणारं. सायक्लोहेक्झिमाइड एकट्यानेही हळूहळू मारतं, म्हणून २४ तास थांबू नकोस, आठ तासांत बघ. आणि एक वेस्टर्न ब्लॉट (एखादं प्रथिन किती आहे ते पट्टीने दाखवणारी चाचणी) कर आयकॅपाबी-अल्फाचा: ०, १५, ३०, ६० मिनिटं. टीएनएफ जिवंत असेल तर १५ मिनिटांना पट्टी गायब होईल. गाईडना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही.

जमलं तर प्लेट मायक्रोस्कोपखाली ठेवून बसून बघ. मी पहिल्यांदा बसले होते तेव्हा तीन तास काही झालं नाही, डोळे चुरचुरायला लागले. मग मधली एक पेशी पाय काढून घेतल्यासारखी गोल झाली आणि तिच्या कडेवर बुडबुडे यायला लागले, भात रटरटताना वर येतात तसे. येत होते, बसत होते, पुन्हा येत होते. दहा-पंधरा मिनिटांत ती पेशी म्हणजे लहान लहान गोळ्यांचा घोस झाली. आणि तिला अगदी चिकटून असलेली शेजारीण तशीच पसरलेली, शांत. तेच माध्यम, तेवढाच टीएनएफ, त्याच पेशीची वंशज. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे २००९ मध्ये सब्रिना स्पेन्सर आणि पीटर सॉर्गर यांच्या गटाचं काम वाचलं तेव्हा उलगडा झाला. त्यांनी ट्रेल नावाचं लायगंड (रिसेप्टरला चिकटणारा रेणू) वापरलं (तेही याच कुळातलं, त्याचे रिसेप्टर डीआर४ आणि डीआर५) आणि एकेका पेशीचं चित्रीकरण केलं. नुकत्याच विभागलेल्या दोन बहिणी जवळजवळ एकाच वेळी मरत. पण विभाजनाला जितके जास्त तास झालेले, तितका दोघींच्या वेळेतला मेळ सुटत जाई. जीन तेच होते. फरक होता आतल्या प्रथिनांच्या साठ्यात, जो विभाजनावेळी दोघींना सारखा मिळतो आणि मग हळूहळू वेगळा होत जातो. म्हणून म्हणते, रिसेप्टर कोणता आहे हे कळल्यावर गोष्टीचा निम्मा भागसुद्धा कळलेला नसतो.

फॅसच्या बाबतीतही हेच. काही पेशींत कॅस्पेज-८ भरपूर जागं होतं आणि थेट कॅस्पेज-३ पर्यंत काम तडीस जातं. काहींत ते कमी पडतं, मग बिड नावाचं प्रथिन कापून मायटोकॉन्ड्रियाची मदत घ्यावी लागते. तुझ्या सिनियरच्या जुरकॅट या दुसऱ्या गटातल्या, यकृताच्या पेशीही तशाच. १९९३ मध्ये उंदरांना फॅसची अँटिबॉडी टोचली तर यकृत निकामी होऊन ते काही तासांत मेले. फॅसचं बोट धरून कॅन्सरवर औषध काढायचं स्वप्न तिथेच मोडलं. नंतर कळलं की बिड नसलेले उंदीर याच अँटिबॉडीतून वाचतात.

आणि तिसरा रस्ता तर तुझ्या वहीत मुळीच नसेल. कॅस्पेज-८ अडवलं आणि पेशीत आरआयपीके३ नावाचं प्रथिन असलं, तर आरआयपीके१ आणि आरआयपीके३ मिळून एमएलकेएल या प्रथिनाला जागं करतात आणि ते पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं. ही पेशी आवळत नाही, भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टम्म फुगते आणि फुटते. हा नेक्रॉप्टोसिस, नाव २००५ चं, जुनयिंग युआन यांच्या गटाने दिलेलं. हेलामध्ये आरआयपीके३ नसतं, म्हणून तुझ्या झी-व्हॅडच्या वेलमध्ये पेशी वाचायला हव्यात. एल९२९ मध्ये असतं. तिथे तेच झी-व्हॅड घातलंस तर पेशी उलट जास्त मरतील. तेच औषध एका पेशीला वाचवतं आणि दुसरीला मारतं. हे व्हायवात सांगितलंस तर परीक्षक खुर्चीत सरसावून बसतील.

नाशिकची_आई

मी विज्ञान शाखेची नाही. फॅस हा शब्द शोधता शोधता इथे पोचले. माझ्या मुलाच्या रिपोर्टवर हाच शब्द आहे.

तो चार वर्षांचा असताना मानेत दोन्ही बाजूंना गाठी आल्या, लिंबाएवढ्या, दुखायच्या नाहीत. पोट पुढे आलं, डॉक्टरांनी पाणथरी वाढलीय म्हणून सांगितलं. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की टीबी, तेव्हा सहा महिने टीबीची औषधं झाली. गाठी तसूभरही कमी झाल्या नाहीत. मग एका रात्री नाकातून रक्त थांबेना. प्लेटलेट १८,००० निघाल्या. सगळ्यांनी कॅन्सर धरून चाला म्हणून सांगितलं. बायोप्सीत कॅन्सर नव्हता.

शेवटी मुंबईतल्या एका मॅडमनी रक्त तपासलं आणि मला विचारलं, बी१२ ची इंजेक्शनं देताय का? मी म्हटलं नाही. त्याचं बी१२ मशीनच्या मोजायच्या मर्यादेपलीकडे गेलं होतं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर जे बदललं ते मला आजही आठवतं. त्यांनी आणखी एक तपासणी सांगितली, सीडी४ पण नाही आणि सीडी८ पण नाही (या टी पेशींवरच्या खुणा) अशा टी पेशींची, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका प्रकारच्या पेशींची. त्या खूप जास्त निघाल्या. मग जीनची तपासणी. आजाराचं नाव निघालं एएलपीएस. आता तो नऊ वर्षांचा आहे, सिरोलिमस या औषधावर आहे, गाठी जवळजवळ गेल्यात, शाळेत जातो.

माझा प्रश्न असा आहे ताई. मॅडमनी सांगितलं, दोन जीनपैकी एक चांगला आहे आणि एक बिघडलेला. मग निम्मं काम तरी व्हायला हवं ना? आणि तोच बिघाड त्याच्या बाबांमध्येही आहे, पण त्यांना कधी साधी गाठही आली नाही. मला हे कोणी समजेल असं सांगितलेलं नाही. सासरचे म्हणतात माझ्या खाण्यापिण्यात काहीतरी चुकलं असेल.

कल्चररूममधली_ताई

नाशिकच्या ताई, पहिली गोष्ट: तुमच्या खाण्यापिण्याचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. मी डॉक्टर नाही, औषधोपचाराचं तुमच्या मॅडमच सांगतील. पण निम्म्या कामाचं गणित मला सांगता येईल.

फॅस एकेकटा काम करत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर तो तिघा-तिघांच्या जुडीने असतो. चांगल्या आणि बिघडलेल्या जीनपासून सारखेच रेणू बनले आणि ते मिसळून जुड्या बांधल्या गेल्या असं धरा. तिन्ही चांगले असण्याची शक्यता किती? निम्म्याचं निम्मं आणि त्याचं पुन्हा निम्मं. आठात एक. बाकी सात जुड्यांमध्ये किमान एक तरी बिघडलेला असतो, आणि डेथ डोमेनमध्येच बिघाड असेल तर तो एकटा शेजारच्या दोघांचंही काम अडवतो. म्हणून निम्मं काम होत नाही. बिघाड पेशीबाहेरच्या भागात असेल तर बऱ्याचदा गणित वेगळं असतं. तो रेणू जुडीत शिरतच नाही. तुमच्या रिपोर्टवर कुठल्या भागात बिघाड आहे ते लिहिलेलं असेल.

हा रिसेप्टर मुळात हवा कशाला? ताप येतो तेव्हा टी पेशी झपाट्याने वाढतात. काम झालं की त्यांनी आवरतं घ्यायला हवं, आणि ते फॅसच्या सांगण्यावरून घेतात. तुमच्या मुलाच्या पेशींना ते सांगणं नीट पोचत नाही. त्या राहून जातात, गाठींत आणि पाणथरीत साठतात, आणि शरीरातल्याच पेशींवर हल्ला करणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. प्लेटलेट त्यामुळे पडल्या. उंदरांमध्ये एलपीआर नावाची एक जात पूर्वीपासून ठाऊक होती, अशाच गाठी येणारी. १९९२ मध्ये नागातांच्या गटाने दाखवलं की तिच्यात बिघाड फॅसमध्येच आहे. १९९५ मध्ये मुलांमध्ये तोच बिघाड सापडला. म्हणजे तुमच्या मुलाच्या आजाराला नाव आणि कारण मिळून अजून फार वर्षं झालेली नाहीत. ज्या डॉक्टरांनी टीबीची औषधं दिली त्यांनी हा आजार कदाचित कधी पाहिलाही नसेल. तरी सहा महिने गेले, त्याचं दुःख मी कमी लेखत नाही.

बाबांचं. घरात एकाला त्रास आणि दुसऱ्याला काहीच नाही, हे या आजारात खूपदा दिसतं. काही घरांत असं सापडलंय की आजारी माणसाच्या काही पेशींमध्ये जन्मानंतर दुसरा, चांगला जीनही बिघडला. आई-वडिलांत तसं झालं नाही म्हणून ते ठणठणीत राहिले. तुमच्या घरी नेमकं काय झालं हे तुमच्या मॅडमना विचारा. आणि बाबांच्या रिपोर्टची प्रत जपून ठेवा. पुढे त्यांना कधी प्लेटलेटचा त्रास झाला तर ती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवायची.

लातूरकर, तूही हे वाच. कॅस्पेज-८ काढून टाकलेले उंदीर गर्भातच दहाव्या-अकराव्या दिवशी मरतात. कारण ते नसलं की आरआयपीके३ मोकाट सुटतं. २०११ मध्ये दोन गटांनी आरआयपीके३ सुद्धा काढलं, तर पिल्लं जन्मली, मोठी झाली. पण पुढे त्यांना गाठी आल्या, आणि त्यात भरलेल्या टी पेशी सीडी४ पण नाही आणि सीडी८ पण नाही अशा. ताईंच्या मुलासारख्याच.

नाशिकची_आई

आठात एक. हे मी आज घरी कागदावर काढून दाखवलं, तीन-तीन ठिपके काढून, लाल आणि निळे. त्याच्या आजीने तो कागद बराच वेळ हातात धरला. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

लातूरकर_एमएस्सी

अकरा दिवसांनी लिहितेय. आधी नाशिकच्या ताईंना: तुमचं वाचल्यापासून मी प्लेटकडे वेगळ्या नजरेने बघते.

नुसत्या टीएनएफला ९७ टक्के जिवंत. नुसत्या सायक्लोहेक्झिमाइडला ८८. दोन्ही मिळून ३१. दोन्हीसोबत झी-व्हॅड, ८२. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा साधारण हेच. गाईडनी आलेख बघितला आणि नवीन टीएनएफची ऑर्डर रद्द केली. टीएनएफ जुनाच आहे, बीएसए मात्र आता घालते.

बुडबुडेही बघितले. पावणेपाच तासांनी.

ब्लॉट काल रात्री झाला. नुसत्या टीएनएफच्या रांगेत आयकॅपाबीची पट्टी १५ मिनिटांना गायब, ३० ला अगदी फिकट, ६० ला ठळक परत. दोन्ही घातलेल्या रांगेतही १५ ला गायब, पण ६० लाही ती जागा रिकामीच. मला आधी वाटलं ट्रान्सफर बिघडला, म्हणून तोच मेम्ब्रेन ॲक्टिनसाठी (सगळ्या नमुन्यांत सारखं असायला हवं असं प्रथिन) पुन्हा केला. ॲक्टिन सगळीकडे सारखं होतं. मग लक्षात आलं. आयकॅपाबीसुद्धा एनएफ-कॅपाबीच्याच ऑर्डरवरून नव्याने बनतं ना? सायक्लोहेक्झिमाइडने तेही बनू दिलं नाही. म्हणजे सी-फ्लिपचं जे मी फक्त वाचलं होतं, तेच आयकॅपाबीच्या पट्टीत मला दिसत होतं.

आता सी-फ्लिपचीच अँटिबॉडी कुणाकडे उरलेली आहे का ते शोधतेय. दहा मायक्रोलिटर मिळाली तरी पुरेल.